जुलैचे आकडे

दुकानात गर्दी होती, नाहीतर इर्शादला ती आधीच दिसली असती आणि तो बाहेरच्या बाहेर दुसऱ्या दुकानात सटकला असता. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांना काय तोटा? सोमवारी कंपनीत पाहुणे येणार होते, बाहेरच्या चार प्लँटमधून वीस जण, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात चिक्कीचा डबा पडला पाहिजे, अशी प्रितमसरांची आज्ञा होती. शेंगदाण्याची घ्यावी की काजूची या गहन प्रश्नात इर्शाद उभा असताना काउंटरच्या पलीकडून, डोक्याला जाळीची टोपी आणि हातांत पातळ प्लॅस्टिकचे मोजे घातलेल्या एका बाईनं विचारलं, "भावजी, आवणी कवा हाय तुमची?"

त्यानं वर पाहिलं. सारिका. मळवलीच्या कैलासदादाची बायको, त्याच्या आईवडलांच्या घरापासून तिसऱ्या घरातली. गेल्या ऑक्टोबरपर्यंत ती त्याच्याच कंपनीत चार नंबरच्या टेबलावर होती. आता ती कुठं असते हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत करून घ्यायचं त्यानं शिस्तीत टाळलं होतं. "रविवारी," तो म्हणाला. "मग येते की," ती म्हणाली, "मागल्या साली तुमचे वडील, इब्राहिमभाऊ, दोन दिस आलते आमच्या खाचरात. आता गुडघ्यानं त्येंना वाकवत न्हाई म्हनं. सावड फेडायची ऱ्हायलीय आमची." बोलता बोलता तिनं वीस डबे मोजून पिशव्यांत भरले आणि कागदावर दोन तुकडे ठेवून त्याच्यापुढं सरकवले. "खाऊन बघा, ताजी हाय." त्यानं खाल्ली. तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही.

सावड म्हणजे काय हे मावळात कुणी कुणाला शिकवत नाही. आज तुम्ही सगळे माझ्या खाचरात, उद्या आम्ही सगळे तुमच्या. कागद नाही, सही नाही, आणि तरी कुणाचा किती दिवस कुणाकडे राहिलाय हे तीन-तीन वर्षं तोंडपाठ असतं. इर्शादच्या आजोबांनी रेल्वेच्या गँगमध्ये असताना घेतलेली वीस गुंठे जमीन; तीत आवणीला, म्हणजे भात लावायला, हनुमंताच्या घरचे येत, कैलासच्या घरचे येत, आणि ईद मध्येच आली तर तो दिवस सोडून बाकीचे मांडून घेत. भाताला कुठं माणसाची जात कळते. लहानपणी इर्शादला वाटायचं की सगळं जग असंच चालत असणार. पुढं त्यानं औद्योगिक अभियांत्रिकी केली, मग मनुष्यबळ नियोजनातला डिप्लोमा, आणि जग वेगळं चालतं हे त्याला पदवीसकट कळलं. पण चोराच्या मनात चांदणं. पिशव्या गाडीत ठेवताना तो एवढाच विचार करत होता की 'फेडायची' हा शब्द तिनं मुद्दाम वापरला की काय. आणि लगेच त्याला स्वतःचीच शिसारी आली, कारण सारिकावहिनी मुद्दाम काही बोलणारी बाई नव्हती. तसली असती तर बरं झालं असतं.

भांगरवाडीतल्या फ्लॅटपर्यंत गाडीनं दहा मिनिटं लागतात, शुक्रवारी पर्यटकांमुळे चाळीस. त्या चाळीस मिनिटांत काच वर करून बसलेल्या इर्शादला मागचा जुलै पुन्हा दिसायला लागला, आणि तो दिसू नये म्हणून रेडिओ लावला तरी दिसतच राहिला. उर्से टोलनाक्याच्या अलीकडं त्यांची कंपनी. गाड्यांमध्ये वायरींची जी जुडगी बसतात ती तिथं बनतात. एका लांब टेबलाभोवती नऊ बायका. एकीनं वायर पाट्यावर अंथरायची, दुसरीनं खिट्ट्यांत अडकवायची, तिसरीनं टेप गुंडाळायची, असं नववीपर्यंत. इर्शादचं काम मोजायचं. कुठली बाई कुठल्या कामाला किती सेकंद घेते, हात किती अंतर फिरतो, कुणाला वाट बघावी लागते. मागच्या जुलैत प्रितमसरांनी त्याला बोलावून पडद्यावरची एक रेघ दाखवली. सगळ्या टेबलांची रेघ आवणीच्या दिवसांत खाली आलेली, माणसं रजेवर म्हणून. फक्त चार नंबरची सरळ. नऊच्या जागी रोज सात हजर, अठरा दिवस, आणि जुडगी तेवढीच. दोन दिवस तर तीन-तीन जास्त. "हे काय गौडबंगाल आहे बघ," सर म्हणाले, "तू तिकडचाच आहेस, तुला सांगतील."

आणि त्याला सांगितलं. हीच तर गोम होती. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्या सात जणींनी तोंडातून ब्र काढला नसता. बाकीच्या जेवायला गेल्या असताना इर्शाद टेबलापाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा एकटीच मागं राहिलेली सारिकावहिनी टेप गुंडाळतच हसली. "तुमाला ठावं न्हाई व्हय भावजी? सावडच ती. आज पायल आन् मंदा त्यांच्या खाचरात हायेत, त्येंचं काम आमी वडतोय. परवा मी आन् सुनंदा जानार, मग पायल वडंल. समद्यांची आवणी उरकली पायजे आन् कुनाचं नावबी कटाय नगं." मग तिनं त्याला दाखवलंही. अभिमानानं दाखवलं, पोरगी शाळेतलं बक्षीस दाखवते तसं. पाचव्या जागेवरची टेपची रिळं तिनं उचलून तिसऱ्या जागेच्या डाव्या हाताला आणली होती, म्हणजे एकाच बाईला दोन्ही कामं बसल्या जागी होतात. खिट्ट्यांच्या पाट्या अर्ध्या हातानं पुढं ओढल्या होत्या. चहाला दोघी-दोघींनी जायचं, बाकीच्यांनी तेवढा वेळ त्यांचं ओढायचं. दुपारची संडासाची पाळी ठरवून घेतलेली. "समदं मीच बशिवलं," ती म्हणाली, "धाकल्या जावंला इचारा, घरातबी अशीच भांडी मांडती मी." इर्शाद हसला. वही काढून त्यानं टेबलाचा नकाशा काढला. तिनं त्याच्या वहीत डोकावून एक चूक सुद्धा सुधारून दिली: "ह्यो पाटा उजवीकडं न्हाई, डावीकडं."

ती सावड आहे हे त्याला कळलं नव्हतं असं त्याला म्हणता आलं असतं, तर त्यानं ते स्वतःला केव्हाच म्हणून घेतलं असतं. कळलं होतं. सात जणी नऊ जणींचं ओढतात ते परवा आपलंही कुणीतरी ओढणार म्हणून, अठरा दिवस, दात ओठ खाऊन. हे त्याच्या रक्तातलं ज्ञान होतं, त्याला पुस्तक नको होतं. पण अहवाल लिहायला बसला तेव्हा सावड या शब्दासाठी रकाना नव्हता. त्यानं लिहिलं: 'स्वयंसंतुलित गट'. लिहिलं की इष्टतम मनुष्यबळ सात. खाली नकाशा जोडला, पाटा डावीकडं. शेवटच्या पानावर 'सामाजिक विकास' असं मथळ्यात घालून लिहिलं की मुक्त झालेल्या मनुष्यबळाला कौशल्य प्रशिक्षण देऊन स्थानिक अर्थव्यवस्थेत सामावून घेता येईल. 'मुक्त झालेलं मनुष्यबळ' लिहिताना त्याला फार बरं वाटलं होतं, हे त्याला आठवतं. वाक्य चांगलं जमलं म्हणून. लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात असं आपण म्हणतो. इर्शादनं ते मोजून, सात पुरतात, दोन काढा, असं लिहून दिलं.

पुढं सगळं सरळ झालं. लोणावळ्यातल्याच एका मोठ्या हॉटेलात परिषद भरली, विकसनशील देशांतली उत्पादकता आणि मनुष्यबळ असा काहीतरी भारदस्त विषय. तिथं इर्शादनं तो नकाशा पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. एका पाहुण्यानं विचारलं, ही मांडणी तुम्हाला सुचली कशी, आणि इर्शाद म्हणाला, निरीक्षणातून. ऑक्टोबरात चार नंबरचं टेबल सातचं झालं. कोण दोन कमी करायच्या हे ठरवायला हजेरी काढली, सगळ्यात जास्त रजा जुलैत ज्यांच्या होत्या त्या दोघी: पायल आणि सारिका. सारिकावहिनीला तीन आठवड्यांचं पॅकिंगचं प्रशिक्षण मिळालं, हातात प्रमाणपत्र घेतलेला तिचा फोटो अहवालाच्या पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर आला. टोपी, मोजे, चिक्की. म्हणजे ती सामावली गेली होती. उरलेल्या सात जणी डिसेंबरपर्यंत नेटानं ओढत राहिल्या, मग दोघींची मनगटं गेली, एक सोडून गेली, तिच्या जागी आलेलीही गेली. ते आकडे इर्शादनंच भरले होते, वेगळ्या तक्त्यात, 'इतर कारणे' या रकान्यात. तिथं कुणी बघत नाही.

आणि सोमवारी चार प्लँटचे वीस जण हेच बघायला येणार होते. तिकडं मिळून अशी बासष्ट टेबलं. प्रत्येकी दोन. इर्शादला पाढे पाठ होते. गुणाकार न करता झोपायचं त्यानं दोन रात्री ठरवलं आणि दोन्ही रात्री तो आपोआप झाला. एकशे चोवीस. ते आकडे आवणीचे आहेत, उधार घेतलेल्या हातांचे आहेत, बारा महिने तसं चालत नाही, हे सांगू शकणारा माणूस त्या सबंध कंपनीत एकच होता, आणि त्याच्या नावाची पाटी पडद्यावर येणार होती. शनिवारी त्यानं धीर करून प्रितमसरांना फोन लावला. "सर, ते जे आकडे आहेत ना, ते जुलैचे आहेत." "मग?" सर म्हणाले, "जुलैत हजेरी कमी, तरी उत्पादन तेवढंच. तीच तर मजा आहे त्यात." "नाही, म्हणजे, त्या बायकांचं आपसात काहीतरी होतं." "असेना का," सर म्हणाले, "टीमवर्क म्हणतात त्याला. चिक्की घेतलीस ना?" इर्शाद म्हणाला, घेतली. फोन ठेवल्यावर त्याची बायको उझमा म्हणाली, तुझे कान लाल झालेत. तो म्हणाला, फोन गरम होतो.

रविवारी सकाळी तो मळवलीला गेला तो मनाशी एक ठरवून. आधी वहिनीला सांगायचं. तो अहवाल माझा, तुमचं नाव माझ्यामुळं गेलं, असं तोंडानं सांगायचं. मग ती काय बोलेल ते बोलो, शिव्या देवो, पण एकदा तिला सांगितलं की सोमवारी वीस जणांपुढं सांगणं अवघड जाणार नाही. हा हिशेब त्याला पटला होता. शरमेचं गाठोडं एका जागी उघडलं की दुसऱ्या जागी हलकं होतं, असा काहीतरी. बंगलेवाल्यांच्या कुंपणांच्या मधून पाऊलवाटेनं तो खाचराशी पोचला तेव्हा चिखलणी होऊन गेली होती आणि माणसं उतरली होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, पाठी वाकलेल्या. बांधावर खुर्ची टाकून अब्बा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. "साहेब आले," हनुमंत म्हणाला, आणि सगळे हसले, प्रेमानंच. नंदामावशीनं, म्हणजे सारिकाच्या सासूनं, रोपांची जुडी त्याच्याकडं फेकली. "धर रं इर्शाद. सारिकाच्या शेजारची पात घे. तुला वडून घील ती."

पाय चिखलात गेले तसा तो थंडगार चिखल बोटांमधून वर आला आणि त्याला एकदम दहा वर्षांचं असल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्यानं रोवायच्या, मागं सरकायचं. त्याचे हात मोजत होते. तो थांबवू पाहत होता तरी मोजत होते: वहिनी एका रोपाला दोन सेकंद, तो साडेचार. तिची पात सरळ चालली होती, त्याची तिरकी. अर्ध्या तासात तो हातभर मागं पडला, आणि बघतो तर त्याच्या पातेतली अलीकडची दोन-दोन रोपं ती जाता जाता लावत होती, त्याच्याकडं न बघता. कुणी सांगितलेलं नव्हतं. पलीकडून हनुमंतही तेच करत होता. अम्मी न्याहारी घेऊन आली, तांदळाची भाकरी आणि सुकट, बांधावर बसून सगळ्यांनी खाल्ली. वहिनीच्या ताटात अम्मीनं सुकट दोनदा वाढली आणि म्हणाली, "खा गं, तिकडं दिवसभर उभी असतेस." वहिनी म्हणाली, "इर्शादभावजींच्या कंपनीतबी उभंच ऱ्हायचं की मावशी." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला भाकरीच्या तुकड्यासोबत गिळावं लागलं.

न्याहारीनंतर बाकीचे वरच्या खाचरात गेले. हे खालचं थोडं राहिलं होतं, ते दोघांनी उरकायचं ठरलं. आता सांगायचं. त्यानं चार रोपं लावली, मग आणखी चार. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचंय. कंपनीतलं. ते टेबल सातचं झालं ना, ते जे..." ती सरळ उभी राहिली. सकाळपासून काम करताना पहिल्यांदा ती सरळ उभी राहिली होती. तिनं वरच्या खाचराकडं बघितलं, तिथलं कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि तिचा चेहरा असा उतरला की इर्शाद वाक्य पुरं करायचं विसरला.

"कळलं व्हय तुमाला," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलंच हुतं कवा तरी कळंल. भावजी, मला अवदसा आठवली. तुमी इचारलं आन् मी घडाघडा बोलले. तुमी काय, कागदावर लिवायचं तुमचं कामच हाय, जे दिसलं ते लिवलं. पन त्वांड माझं सुटलं. हात दाखवून अवलक्षण. मिरवायची हौस मला. ह्यो पाटा हितं, ती रिळं तितं. मी गप बसले असते तर नऊच्या नऊ ऱ्हायल्या असत्या." तिनं ओल्या मनगटानं नाक पुसलं, गालाला चिखल लागला. "माझं गेलं त्येचं न्हाई काय. पन पायलचं गेलं. तिचा नवरा असा, घरी बसलेला. ती आता शिरगावला देवळाम्होरं हार इकती. मी त्या बाजूनं जात न्हाई. तिला ठावं न्हाई की सांगनारी मी हुते. कुनालाच ठावं न्हाई. सासूलाबी न्हाई. कुनीतरी चुगली केली म्हनतात, आन् मी बी त्येंच्यासंगं म्हनते, व्हय, कुनी केली आसंल."

पाऊस भुरभुरत होता, इर्शादच्या हातातल्या जुडीतलं पाणी कोपरापर्यंत उतरत होतं. नाही, असं नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं: तुम्ही सांगितलंत ते मला, घरच्या माणसाला, आणि विकलं ते मी. जेमतेम दहा शब्द. नऊ महिने ही बाई जे ओझं वाहत होती ते त्याचं होतं, उचलून नुसतं आपल्या डोक्यावर घ्यायचं. पण तिचे डोळे त्याच्यावर होते, घाबरलेले, आणि ती त्याच्याकडं काही मागत होती. "भावजी," ती म्हणाली, "एक करा. तुमी मोठ्या सायबांत बसता. कुटं बोलू नका, की ही सावड हुती, सारिकानं सांगितलं. तुमच्या तोंडून निगालं तर गावात मला उभं ऱ्हायला जागा न्हाई. पायलला तर कळायलाच नगं. शब्द द्या."

"नाही सांगणार," इर्शाद म्हणाला.

ते इतक्या चटकन आलं की त्याचं त्यालाच ऐकू आलं. आणि त्याला बरं वाटलं. हे त्याला नंतर कुणाला सांगता आलं नसतं, अम्मीला नाही, उझमाला नाही, पण बरं वाटलं, छातीवरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसं. वहिनीच्या चेहऱ्यावरही ते उमटलं. ती म्हणाली, "तुमी आपलं मानूस म्हनून बोलले," आणि पदर पुन्हा खोचून वाकली, आणि तिचा हात मघापेक्षाही भराभर चालायला लागला. तिची पात संपली तशी ती त्याच्या पातेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन समोरून लावत यायला लागली. इर्शादला लाज वाटत होती. अशी की मान वर करवत नव्हती. आणि त्या लाजेच्या खाली तो एका बाजूनं अगदी शांतपणे उद्याची वाक्यं जुळवत होता. वीस पाहुणे, पडदा, नकाशा. टेबलाचं रहस्य काय असं कुणी विचारलं तर निरीक्षण म्हणायचं. बासष्ट टेबलांचं काय व्हायचं ते होईल. सांगायचं मनात होतं त्याच्या, देवाशपथ होतं. पण आता ते सांगणं बरं दिसलं नसतं. वहिनीला शब्द दिला होता.